ताण्यावरचे पाढे

धाकटी बहीण जाऊन सव्वा महिना झाला. हे मी हळूहळू लिहितो आहे. सकाळी अर्धे पान, कधी तेवढेही नाही. हात कापतो हे एक कारण. दुसरे असे की, जे सांगायचे आहे ते एका वाक्याएवढेच आहे आणि त्या वाक्याजवळ जायची मला अजून भीती वाटते.

तीस सालाच्या आगेमागे आम्ही सोलापुरात शुक्रवार पेठेत राहत होतो. भाड्याच्या दोन खोल्या, पुढे ओसरी आणि ओसरीच्या मधोमध एक लाकडी खांब. वडील कचेरीत कारकून होते. मी पंधरा वर्षांचा, इंग्रजी शाळेत. ती आठ वर्षांची, मुलींच्या शाळेत दुसऱ्या इयत्तेत, आणि तीही दुसऱ्यांदा.

आमच्या घरी अभ्यास म्हणजे बैठक. किती वाचले, काय समजले, हे वडील विचारत नसत. किती वेळ बसलास, एवढेच विचारत. घड्याळ वडिलांच्या कोटाच्या खिशात असे, म्हणून आमची वेळ गिरणीच्या भोंग्यावर चाले. एक भोंगा झाला की पाटावर बसायचे, दुसरा होईपर्यंत उठायचे नाही. मला ते सहज जमे. पाहुणे आले की वडील माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "हा एकदा बसला की अंगावरची माशीसुद्धा हाकलत नाही." ते ऐकायला मिळावे म्हणून मी खरोखरच माशी हाकलत नसे.

तिला बसता येत नसे. हे एवढे साधे होते, आणि एवढेच आम्हांला दिसत नव्हते. पाटावर बसली की आधी एक पाय बाहेर येई, मग दुसरा, मग ती गुडघ्यांवर उभी राही, मग पाटीवर अक्षर काढता काढता परकराची नाडी चघळू लागे, मग बाहेर कल्हईवाल्याची हाक ऐकू आली की पाटी तिथेच टाकून पळे. पाटीवरच्या पेन्सिली आठवड्याला दोन-तीन हरवत. आईने पाणी आणायला पाठवले तर कळशी आडाच्या काठावर राही आणि ही मुंग्यांच्या रांगेबरोबर कुठल्या कुठे गेलेली असे. दुधाकडे बघायला बसवावे, तर दूध उतू जाईपर्यंत ती दुधाकडेच बघत असे आणि ते उतू चालले आहे हे मात्र तिच्या लक्षात येत नसे. कुणी प्रश्न विचारला की तो पुरा व्हायच्या आत उत्तर देई, आणि ते बहुधा भलत्याच प्रश्नाचे असे. सागरगोटे खेळताना आपली पाळी येईपर्यंत तिला धीर धरवत नसे, म्हणून मुली तिला खेळायला घेत नसत. मात्र कल्हईवाला भांडी घासून, तापवून, नवसागर टाकून चकचकीत करीत असे, तेव्हा त्याच्यापुढे ती दोन-दोन तास उकिडवी बसे. वडील म्हणत, "बघा, बसता येतं हिला. पण बसायचं कुठे, ते हिच्या मर्जीवर." मलाही ते पटे. हा हट्ट आहे, असेच आम्ही समजत होतो.

उपाय झाले. आईने दृष्ट काढली. तळ्यातल्या देवळातून अंगारा आणला. डोके थंड राहावे म्हणून ब्राह्मीचे तेल चोपडले. ते तिच्या कानांवरून ओघळे आणि ती तशीच गल्लीभर धावे. शेवटी वडिलांनी तिला माझ्या स्वाधीन केले. म्हणाले, "तू बसतोस तशी हिलाही बसव."

खांबाला बांधायची कल्पना माझी. कुणी सुचवली नव्हती. आईच्या जुन्या लुगड्याची एक पट्टी फाडून घेतली, एक टोक खांबाला बांधले, दुसरे तिच्या उजव्या पायाच्या घोट्याला. कापड मऊ होते, लागणार नाही, असे मी आईला सांगितले. तिला पहिले दोन दिवस गंमत वाटली. हातापायांवर उभी राहून ती हंबरली.

"आई, मला कडबा टाक गं! दादानं मला दावणीला बांधलंय."

आई हसली. मीही हसलो. तिसऱ्या दिवशी ती हंबरली नाही. म्हणाली, "दादा, गाठ जरा लांब बांध ना. मला पाय तरी हलवता येईल."

मी गाठ आखूड केली.

आमच्या गल्लीच्या मागच्या अंगाला विणकरांची वस्ती होती. तेलुगू बोलणारी कुटुंबे. प्रत्येक घरात माग. घरात जागा अपुरी, म्हणून ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, रस्त्यावर घालत. रस्त्याच्या कडेने ओळीने काठ्या रोवायच्या आणि सुताची फिरकी हातात घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. धागा एका काठीच्या आतून, पुढच्या काठीच्या बाहेरून, पुन्हा आतून. टोकाला वळसा घालून परत यायचे. दिवसभर असे चालत राहायचे. एका काठीला धागा चुकला तरी पुढे मागावर सगळे अडते. म्हणून ते काम बायका करत, आणि ज्यांच्यावर भरवसा आहे अशी मुले.

एका दुपारी ती घरातून नाहीशी झाली. आई म्हणाली, "बघून ये रे, आडावर तर नाही ना गेली." आडावर नव्हती. मी मागच्या गल्लीत शिरलो आणि कोपऱ्यावरच थांबलो.

ती ताणा घालत होती. हातात फिरकी, परकर वर खोचलेला, डोळे काठ्यांवर. आणि चालता चालता पाढे म्हणत होती. एका काठीला एक पद. "बारा पंचे साठ, बारा सक बहात्तर, बारा सत्ते चौऱ्याऐंशी." टोकाला पोचली की वळसा घाली आणि परत येताना तेराचा सुरू करी. पंधरापर्यंत गेली. मग भूगोलातल्या नद्या, उगमापासून मुखापर्यंत. मग कविता. एक पद चुकले नाही, एक काठी चुकली नाही. ज्या पाढ्यांसाठी मी दोन महिने खांबाला गाठी मारत होतो, ते सगळे तिच्यात होते. मी बसवीत होतो तेव्हा ती ऐकत होती. तिला फक्त ते बसून बाहेर काढता येत नव्हते.

मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. दारात एक विणकरीण सुताच्या कांड्या भरत बसली होती. माझ्या काखेत पुस्तक बघून हसली.

"काय वो धाकटे मास्तर, बहिणीला शोधता की काय?"

"ही इथे रोज येते?" मी विचारले.

"रोज येती की, आठ दिस झालं. आमी बोलिवलं न्हाई. आपणच आली. म्हटली, मला चालायला द्या." ती हातातले काम न थांबवता बोलत होती. "लई गुणाची हाय. माझा दुसरा पोरगा असाच हाय. मागावर बसविला की धागं तोडतंय. ताण्यावर सोडला की दिवसभर चुकत न्हाई. काही लेकरांची अक्कल पायात असती बघा. त्यांला बस म्हणायचं न्हाई. चाल म्हणायचं."

त्या बाईला वाचता येत नव्हते. तिने माझ्या बहिणीला आठ दिवसांत ओळखले. मला सांगितलेही. मी ऐकले, पण त्याच वेळी माझ्या मनात दुसरेच चालले होते. कचेरीतल्या कारकुनाची मुलगी भर रस्त्यात परकर खोचून ताणा घालते आहे. माझ्या वर्गातल्या कुणी पाहिले तर काय म्हणेल?

मी तिचा दंड धरला. तिने आधी फिरकी नीट त्या बाईच्या हातात दिली, मग माझ्याबरोबर आली. दुसऱ्या हाताच्या मुठीत शेंगा होत्या, कामाबद्दल मिळालेल्या. वाटेत मूठ माझ्यापुढे उघडली.

"घे ना दादा. भाजलेल्या आहेत."

"बाबांना सांगू?"

तिचे तोंड उतरले. "नको ना. मी बसेन. तू म्हणशील तेवढा वेळ बसेन. शप्पथ."

मी सांगणार नाही असे वचन दिले. बदल्यात तिने रोज दोन भोंग्यांच्या मध्ये खांबाशी बसायचे ठरले. मी वचन पाळले. पुढे त्याच वचनाआड मी लपलो.

महिनाभराने शाळेत दिपोटी, म्हणजे सरकारी तपासनीस, तपासणीला आले. त्या दिवशी काय झाले ते शाळेतल्या बाईंनी स्वतः घरी येऊन वडिलांना सांगितले. दिपोटींनी बाराचा पाढा विचारला. ही उभी राहिली आणि चालू लागली. बाई म्हणाल्या, जागेवर उभी राहा. ही जागेवर उभी राहिली आणि गप्प झाली. दिपोटींनी पुन्हा विचारले. ही खाली आपल्या पायांकडे बघत राहिली.

बाई चांगल्या होत्या. ओसरीच्या कडेला अवघडून बसल्या होत्या आणि पदराने कपाळ टिपत होत्या. वडिलांना म्हणाल्या, "मुलगी मंद नाही, एवढं मला कळतं. पण दोनदा नापास झालेली मुलगी ठेवून घ्यायची तर मला काहीतरी दाखवायला हवं. दिपोटी परवापर्यंत गावात आहेत. घरी तिला येतं असं तुम्ही म्हणालात, तर मी त्यांना सांगून पुन्हा विचारायला लावीन."

वडील म्हणाले, "विचारून सांगतो."

आता दुसऱ्या दिवशीच्या दुपारची गोष्ट. मी वर्गासाठी एक निबंध लिहिला होता. चार पाने, सुवाच्य. तो वहीत उतरवून काढणे चालू होते. ती शेजारी खांबाला बांधलेली. बाहेर कल्हईवाल्याची हाक आली. ती विसरून उठली, पट्टी ताणली गेली, ती आडवी झाली आणि तिचा हात दौतीला लागला. चारही पाने शाईत गेली.

गाठ मी आखूड केली नसती, तर ती पडली नसती. हे मला त्या क्षणीही कळले होते. म्हणूनच राग जास्त आला.

"दादा, मी पुसते," असे म्हणत तिने आपल्या परकरानेच पुसायला घेतले आणि उरलीसुरली अक्षरेही गेली. मी पाने तिच्या हातांखालून ओढून घेतली.

संध्याकाळी वडील कचेरीतून आले. टोपी खुंटीला लावून त्यांनी मला समोर बसवले. आई स्वयंपाकघरात होती.

"तू तिला रोज घेऊन बसतोस," ते म्हणाले. "बाईंना काय सांगायचं, ते तुझ्यावर. तिला येतं का?"

मी म्हणालो, "मी बसवतो तेव्हा तिला काहीच येत नाही."

हेच ते वाक्य. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी ते जपून, अभ्यासू मुलासारखे जुळवले होते. चालताना तिला सगळे येते, हे मी सांगितले नाही, कारण मी वचन दिले होते, असे मी स्वतःला समजावले. खरे कारण माझ्या बोटांवर वाळलेली शाई होती. आणि आणखी एक, जे लिहायला मला इतकी वर्षे लागली. बैठक नसलेल्या मुलीला माझ्याइतकेच येते हे घरात कळले असते, तर माझ्या बैठकीचे काय राहिले असते?

वडिलांनी खुंटीवरची टोपी सरळ केली. मग म्हणाले, "मग राहू दे. घरातलं शिकू दे आता."

दुसऱ्या दिवशी तिची पाटी आईने फळीवर वर ठेवली. खांबाची पट्टी मी सोडली. तिने विचारले, "आता नाही बांधायचं?" मी म्हणालो, "आता कशाला?"

चौदा सरून पंधरावे लागले तेव्हा तिचे लग्न करकंबला झाले. घर देवाधर्माचे, माणसे वाईट नव्हती. पण सासूबाई तिला "भिंगरी" म्हणत आणि ते कौतुकाने नसे. दूध तिथेही उतू गेले. शिजायला टाकलेली डाळ तिथेही करपली. मात्र आठवड्याच्या बाजारात तिला सगळ्यात आधी पाठवत. फिरता फिरता ती भाव आणि हिशेब तोंडाने करी आणि एका पैशाला फसत नसे. हे मला मेव्हण्यांनी हसत हसत सांगितले. मी हसलो नाही.

ती मला कार्डे पाठवी. मध्येच संपलेली. "दादास शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम. काल वासराला" आणि पुढे काही नाही. तोवर मी शिक्षक झालो होतो. एकदा मी तिचे कार्ड लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवले, अपुरे वाक्य पुरे करावे अशा शेऱ्यासह. मला वाटले, थट्टा समजेल. त्यानंतर दोन वर्षे तिचे कार्ड आले नाही. वासराचे काय झाले, ते मला कधीच कळले नाही.

आणि मी शिक्षक म्हणून काय केले? मुलांना बसवले. पस्तीस वर्षे. प्रत्येक वर्गात एखाददुसरे असे लेकरू असेच. मी त्याला ओळखीत असे, पण पुढच्या बाकावर बसवून हातांची घडी घालायला लावण्यापलीकडे काही करीत नसे. त्याच्याकडे नीट पाहिले असते, तर मला आमची ओसरी दिसली असती.

दोन वर्षांपूर्वी सोलापुरातच राहणाऱ्या तिच्या नातवाने आपल्या मुलीला डॉक्टरांकडे नेले. तिची ही पणती तेव्हा सहा वर्षांची होती आणि शाळेतून रोज तक्रार येत होती. बहीण सोबत आली आणि मलाही बोलावून घेतले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. वस्तू हरवते का? हातातलं काम अर्धवट सोडते का? आपली पाळी येईपर्यंत थांबवत नाही का? प्रश्न पुरा होण्याआधी...

"हो," बहीण मागून म्हणाली. ती खोलीत येरझाऱ्या घालत होती.

"आजी, प्रश्न तर होऊ द्या," डॉक्टर हसले. "मी तुमच्या पणतीबद्दल विचारतोय."

"मग मी कुणाबद्दल सांगते आहे?" ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून पुन्हा चालू लागली.

डॉक्टरांनी इंग्रजी नाव सांगितले, मग मराठीत समजावले. मन एका जागी ठरत नाही, अंगही ठरत नाही. हा हट्ट नव्हे, लाडाने बिघडणेही नव्हे. मेंदूची घडणच तशी असते. आवडत्या गोष्टीत अशी मुले तासन्‌तास रमतात, म्हणून लोकांना वाटते की ती मुद्दाम करतात. अशा मुलीला हलू द्यावे, काम लहान तुकड्यांत द्यावे, चालत पाठ करू द्यावे. मी खाली बघत होतो. ते सांगत होते त्यातले बरेचसे मला एका विणकरणीने कांड्या भरता भरता सांगितले होते.

त्या दिवशी नातवाच्या घरी, मागच्या अंगणात, आम्ही दोघेच होतो. मी खुर्चीत, ती तुळशीपासून भिंतीपर्यंत फेऱ्या घालत. मी म्हणालो, "मला तुला एक सांगायचं आहे. शाळेतून तुझं नाव काढलं, तेव्हा बाबांनी मला विचारलं होतं."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी दाराआड होते." ती चालायची थांबली नाही. "तुला वाटलं असेल, मी कुठे उंडारत असेन. नाही. दाराआड खिळल्यासारखी उभी होते. पायसुद्धा हलवला नाही. म्हटलं, दादाला माहीत आहे, दादा सांगेल. जन्मात तेवढं एकच मी शेवटपर्यंत नीट ऐकलं."

 ती एक फेरी घालून आली तेव्हा मी विचारले, "मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. मग आईनं हाक मारली, दूध उतू चाललं होतं." ती भिंतीपाशी वळली. "आणि मग राहूनच गेलं. माझं काय, सगळंच अर्धं राहतं."

तिने क्षमा केली असे मी म्हणणार नाही. तिने तसे म्हटले नाही आणि मी विचारले नाही. फक्त निघताना पणतीकडे बघून म्हणाली, "हिच्याबद्दल तुला कुणी विचारलं, तर पुरं सांग."

शेवटच्या महिन्यात तिला चालता येत नव्हते. मी उशाशी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवी, आणि चादरीखाली तिची पावले हलत असत, एक, मग दुसरे. एके दिवशी मी वाचत होतो आणि पावले थांबल्याचे माझ्या उशिरा लक्षात आले.

गेल्या आठवड्यात पणतीच्या शाळेतून पुन्हा बोलावणे आले. मुलगी तोंडी परीक्षेत एक अक्षर बोलली नाही, याच इयत्तेत ठेवावे लागेल. तिचे वडील कामानिमित्त टेंभुर्णीला गेलेले. मी काठी घेतली आणि तिला घेऊन निघालो. शाळेत बाईंच्या टेबलावर वह्यांचे ढीग होते. त्या घाईत होत्या, पण उठून त्यांनी खुर्ची पुढे केली.

"बसा आजोबा."

"नको, उभाच बरा आहे," मी म्हणालो.

"मग तुम्हीच सांगा. घरी येतं का हिला काही?"

मुलगी माझा हात धरून एका पायावर उड्या मारत होती. तिचा हात ओढला की माझा खांदा दुखत होता.

मी म्हणालो, "बसवलं तर येत नाही. चालू दिलं तर सगळं येतं. आत्ता, व्हरांड्यात, चालताना विचारा."

बाईंनी घड्याळाकडे पाहिले, मग मुलीकडे. म्हणाल्या, "बरं. चल गं."

त्या दोघी व्हरांड्यात गेल्या. मी टेबलाशी उभा राहिलो. ते वाक्य बोलायला मला श्वासही नीट घ्यावा लागला नव्हता. एवढेसेच होते ते. बाहेरून पावलांचा आवाज येत होता आणि त्या पावलांवर दोनाचा पाढा, मग तिनाचा. टोकाला गेल्यावर आवाज बारीक होई, वळसा घेऊन परत मोठा होई. मी दाराकडे पाठ करून ऐकत होतो, पाय न हलवता.